बेसनगरचे पाच पत्ते

गेल्या बैठकीत आपल्या मंडळात एक ठराव वाचला गेला. अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेसनगरची गंगा आहे, ती भारतात परत यावी असं पत्र मंडळानं त्या संग्रहालयाला पाठवावं, असा तो ठराव. भाषा चांगली होती, वाचणाऱ्यांचा आवाजही चांगला होता, टाळ्या पडल्या. सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला आणि मी तो सही न करताच पुढे दिला. म्हटलं, यात अजून एक परिच्छेद घाला, मग करतो. तो परिच्छेद काय, हे सांगितल्यावर दोघं-तिघं ज्येष्ठ रागावले. "तू कुणाच्या बाजूचा?" असं एका काकांनी विचारलं. बैठकीत उत्तर देता आलं नाही. मी बोलण्यात कच्चा आहे. म्हणून लिहून देतो.

ज्यांनी बेसनगर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विदिशा म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडचं भेलसा. बीनावरून भोपाळकडे जाताना लागतं आणि जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलंच. गावाबाहेर बेतवा आणि बेस या दोन नद्यांच्या बेचक्यात जुन्या नगरीचे अवशेष आहेत, ते बेसनगर. हेलिओडोरसचा खांब तिथंच उभा आहे. तक्षशिलेच्या अंतिआल्किदास या ग्रीक राजाचा हा वकील इथल्या भागभद्र राजाकडे आला आणि त्यानं वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, असं त्यावर ब्राह्मीत कोरलं आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली ही गोष्ट.

आता या एका गावच्या वस्तू कुठं कुठं आहेत ते मोजा. खांब जागेवर. यक्षाची प्रचंड मूर्ती विदिशाच्या संग्रहालयात. कल्पवृक्षाचं स्तंभशीर्ष कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये. गंगा बोस्टनला. आणि ताडपत्रांचं शीर्ष व मकराचं शीर्ष आपल्या ग्वाल्हेरला, किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालात. पाच पत्ते झाले. आपल्या ठरावात त्यातला फक्त एकच होता, सगळ्यात लांबचा.

ठरावातली पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे 'लुटून नेलेली' हा शब्द. बोस्टनच्या संग्रहालयानं ही गंगा १९२६ साली विकत घेतली. बेसनगर ते बोस्टन या वाटेवर ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, त्याचा एकही कागद ठरावाला जोडलेला नव्हता. लूट झाली नाही असं मी म्हणत नाही. लूट म्हणायची तर पुरावा आपण द्यायचा, एवढंच म्हणतो. १९७० चा युनेस्कोचा करार मागच्या तारखेनं लागू होत नाही आणि आपला पुरावशेषांचा कायदा १९७२ चा. म्हणजे १९२६ च्या खरेदीवर कायद्याचं बोट ठेवणं अवघड, नीतीचं ठेवता येईल. पण नीतीचं बोट दाखवणाऱ्यानं आधी स्वतःचा हात बघून घ्यावा.

दुसरी गोष्ट 'मायदेशी' या शब्दाची. मायदेशी म्हणजे कुठं? दिल्लीच्या कोठीत? भोपाळला? ग्वाल्हेरला? ठरावात विदिशाचं नाव नव्हतं. गंगेची ती मूर्ती एका देवळाच्या दाराची होती. गुप्तकाळात दाराच्या चौकटीवर मकरावर उभी गंगा आणि कासवावर उभी यमुना कोरत. दारातली गोष्ट दारापाशी जावी, निदान त्या गावात तरी जावी, हे आपल्याला सुचलं कसं नाही?

तिसरी गोष्ट सांगण्याआधी उत्खननाबद्दल बोलायला हवं, कारण परत मागण्याचा सगळा दावा अखेर तिथंच येऊन टेकतो.

१८७७ मध्ये कनिंगहॅमनं हेलिओडोरसचा खांब पाहिला तेव्हा त्यावर शेंदराचे थर होते. लोक त्याला खांबबाबा म्हणून पुजत होते, आजही पुजतात. कनिंगहॅमला लेख दिसला नाही. १९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानचे इंजिनिअर लेक हे मार्शल यांच्याबरोबर तिथं गेले. खांबाच्या खालच्या भागावर अक्षरं असावीत असं लेक यांना वाटलं, थोडा शेंदूर काढला आणि लेख निघाला. आम्ही इंजिनिअर लोक ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतो. कनिंगहॅमही मूळचा लष्करी इंजिनिअर. पण पुजाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्या दिवशी देवाचं अंग खरवडलं गेलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वाक्यात लिहायला हवं असं मला वाटतं.

पुढे १९१३ ते १९१५ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तिथं उत्खनन केलं. खांबाच्या तळाशी त्यांना पाचरीसारखे ठोकलेले लोखंडाचे तुकडे मिळाले आणि तपासणीत ते पोलाद ठरले. हे तुकडे भंगारवाल्याकडे सापडले असते तर कुणी फुकटही घेतले नसते. त्यांची किंमत ते खांबाखाली सापडले एवढ्यातच आहे. भांडारकरांचं काम मात्र अपुरं राहिलं, कारण शेजारच्या टेकाडावर पुजाऱ्याचं घर होतं. जवळजवळ ५० वर्षांनी, १९६३ ते १९६५ मध्ये, खरे यांनी तिथं पुन्हा खणलं. त्यांना त्या टेकाडाखाली लंबवर्तुळाकार देवळाचा पाया मिळाला, हेलिओडोरसच्याही आधीचा. शिवाय त्या एका खांबाच्या रांगेत अजून खांब होते, त्यांचे खड्डे मिळाले. लाकडाचे खांब कुजून गेल्यावर मातीत जो वेगळ्या रंगाचा गोल उरतो, तो ओळखून हे देऊळ कागदावर उभं राहिलं.

इथं क्षणभर थांबा. मातीतल्या रंगाचा फरक हा पुरावा. तो संग्रहालयात नेता येत नाही, चोरता येत नाही, परतही करता येत नाही. खणणाऱ्यानं पाहिला आणि मोजून लिहिला तर राहिला, नाहीतर त्याच फावड्यानं गेला. मला तर वाटतं की पुजाऱ्याचं घर, जे तेव्हा सगळ्यांना अडचण वाटलं, त्यानं उपकारच केले. दरम्यानच्या ५० वर्षांत थर वाचायची पद्धत सुधारली आणि ते टेकाड तोवर शाबूत राहिलं. उत्खननाच्या नीतीत एक नियम मी यावरून शिकलो. सगळं आपणच आणि आजच खणायचं नाही. काही माती पुढच्या माणसासाठी सोडायची.

माती पुरावा म्हणून कोर्टात कशी उभी राहते, त्याचंही एक उदाहरण आहे. तामिळनाडूत पत्तूर नावाचं गाव आहे. १९७६ मध्ये तिथल्या पडक्या शिवालयापाशी खणताना एका मजुराला कांस्याचा नटराज सापडला. तो विकला गेला आणि हातोहाती लंडनला पोचला. एका कॅनडियन कंपनीनं तो घेतला आणि पुढे पोलिसांनी जप्त केला. लंडनच्या कोर्टात १९८८ मध्ये निकाल लागला, १९९१ मध्ये अपिलातही तोच टिकला आणि नटराज भारताला मिळाला. त्या गावात नंतर अजून मूर्ती सापडल्या होत्या. त्यांच्यावरची माती आणि नटराजावरची माती, वाळवीच्या खुणा, हे सगळं तज्ज्ञांनी कोर्टात ताडून दाखवलं. आपल्याकडे जमिनीचा खसरा असतो, तसा मूर्तीच्या अंगावरची माती हा तिचा खसरा. कुणा व्यापाऱ्यानं मूर्ती घासूनपुसून लख्ख केली असती तर दावा फार लंगडा झाला असता. पण पुढचंही सांगायला हवं. एवढं जिंकून आलेला नटराज पत्तूरच्या देवळात न जाता तिरुवारूरच्या सरकारी मूर्ति-सुरक्षा केंद्रात ठेवला गेला. चोरीची भीती खरी होती, हे मान्य. तरी देशात परत आला आणि घरी परत आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता माझं स्वतःचं. हे मी बैठकीत बोललो नव्हतो.

१९९० च्या दशकात मी कालव्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता होतो, बेतवेच्या खोऱ्यातच. कुठलं खातं, कुठला कालवा, ते सोडा, बाकीची माणसं आता निवृत्त आहेत. एका सकाळी पोकलेनच्या दातात भल्या मोठ्या विटा आल्या. आजच्या विटेच्या दुप्पट, जड. मशीन थांबवलं. खाली उतरून पाहिलं तर मातीची भाजलेली कडी एकावर एक बसवलेली. तेव्हा मला नाव ठाऊक नव्हतं, आज ठाऊक आहे. ती कडीची विहीर होती. तसल्या विहिरी जुन्या नगरांत सापडतात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. महिना मार्चचा होता. बिल ३१ तारखेच्या आत जायचं होतं. वर कळवलं असतं तर काम किती दिवस थांबेल, याचा अंदाज मला होता. मी कळवलं नाही. ठेकेदाराच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि मशीन चालू झालं. दुपारपर्यंत तिथं लेव्हल मिळाली.

मलब्यात एक मातीचा बैल होता, वितीपेक्षा लहान, एक शिंग मोडलेला. तो मी खिशात घातला. पुढे २० वर्षं तो आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात होता. पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवायचो.

इतिहासाचा नाद लागल्यावर तो बैल टोचायला लागला. शेवटी तो घेऊन मी एका पुरातत्त्व अधिकाऱ्यांकडे गेलो. म्हटलं, परत करायचा आहे. त्यांनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले. नेमका कुठं सापडला? आणि किती खोलीवर, कशाबरोबर? मी घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. माझ्या एम.बी.तल्या नोंदींच्या नकला माझ्याकडे होत्या. किती घनमीटर माती काढली, कुठल्या दरानं, भराव किती, सगळं दोन दशांशांपर्यंत. विहिरीचा शब्द नाही. चेनेजसुद्धा सांगता आलं नाही, तीन किलोमीटरच्या टप्प्यात कुठंतरी एवढंच आठवलं. मातीच्या मोजमापावर पगार घेणारा माणूस मी, आणि जी माती मोजायला हवी होती तीच मोजली नाही. बैल सरकारजमा झाला, त्यावर चिठ्ठी लागली, प्राप्तिस्थानासमोर जिल्ह्याचं नाव लागलं. वस्तू परत गेली. तिच्याबरोबर जे जायला हवं होतं, ते मी त्या दुपारी भरावात घातलं होतं.

म्हणून 'लुटून नेलेली' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला. परदेशी दलालच लुटतो असं नाही. बिलाची तारीखही लुटते.

वस्तू नीट परत गेल्याचंही उदाहरण आहे, आणि तेही लांब नाही, विदिशाच्या शेजारी सांचीला. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सननं तिथला मोठा स्तूप वरून फोडला आणि त्याची पडझड झाली. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी आसपासचे स्तूप भराभर उघडले. तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांच्या अस्थी मिळाल्या, पेट्यांवर नावं कोरलेली. त्या इंग्लंडला गेल्या आणि पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. महाबोधी सोसायटीनं त्या मागितल्या. युद्धामुळे काम लांबलं. १९४७ मध्ये अस्थी लंडनहून निघाल्या, आधी श्रीलंकेला गेल्या, १९४९ मध्ये कोलकात्याला आल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या टेकडीवरच बांधलेल्या चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या. जिथून काढल्या तिथून हाकेच्या अंतरावर. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी बाहेर काढतात आणि टेकडी माणसांनी भरते.

ही परतफेड मला पुरी का वाटते? एक तर कुठून निघाल्या याबद्दल वाद नव्हता, पेटीवर नाव होतं आणि उघडणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. दुसरं, मागणारे लोक होते, ज्यांना त्या वस्तूचं काहीतरी होतं. तिसरं, जागा तयार केली गेली आणि तीही मूळ गावात. पत्तूरच्या नटराजात पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी राहिली. माझ्या बैलात पहिलीच नव्हती.

आता ती तिसरी खटकणारी गोष्ट, जिच्यावरून राग झाला. हीच मोजपट्टी आपल्या गुजरी महालाला लावू या.

गुजरी महालातलं संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्यामागे संस्थानचं पुरातत्त्व खातं आणि मोरेश्वर बळवंत गर्दे यांची मेहनत. गर्द्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो आणि घ्यायलाच हवं. त्यांनी पवायाला उत्खनन केलं, शेतात आणि ओढ्यात पडलेली शिल्पं जमवली, याद्या केल्या. ती जमवली नसती तर किती उरली असती कोण जाणे. मध्य प्रदेशातल्या एका देवळातली नर्तकी १९८० च्या सुमाराला चोरांनी नेली. नेताना सोपं पडावं म्हणून तिचे दोन तुकडे केले. लंडनमार्गे ती न्यूयॉर्कला गेली, जोडली गेली, मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभी राहिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी भारताला परत केलेल्या १,४४० वस्तूंत ती होती. जागेवर राहिलेल्या शिल्पाचं काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. म्हणून गर्द्यांना दोष देणारा मी नव्हे.

पण पवायाच्या मणिभद्र यक्षावर लेख आहे. मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीनं, म्हणजे मंडळानंच म्हणा ना, ही मूर्ती बसवली असं त्यात लिहिलं आहे. मूर्ती कुणाची, हे मूर्तीवरच लिहिलेलं असताना ती आज पवायात नाही, आपल्याकडे आहे. ग्यारसपूरची शालभंजिका ग्यारसपुरात नाही, आपल्याकडे आहे. बाघच्या गुंफांतली चित्रं ओल लागून जात होती, म्हणून १९८२ मध्ये भिंतीवरून सोडवली आणि ती आपल्याकडे आली. त्याशिवाय ती वाचली नसती, हे ओलीशी झगडलेला माणूस म्हणून मला कळतं. तरी बाघच्या गुंफेत उभं राहणाऱ्या पोराला ती भिंत रिकामी दिसते. आणि बेसनगरची दोन स्तंभशीर्षं. खांब तिथं, डोकी इथं. लंडनहून आणि बोस्टनहून आपल्याला जे ऐकवलं जातं, की आमच्याकडे सुरक्षित आहे, आमच्याकडे जास्त लोक बघतात, आम्ही रीतसर मिळवलं, तेच्या तेच आपण विदिशावाल्यांना ऐकवणार का?

यावर काकांचं म्हणणं होतं, "अरे, ग्वाल्हेर आणि विदिशा एकाच राज्यात. बोस्टनशी बरोबरी कशी?" बरोबरी नाहीच. गुलामीच्या काळात परदेशी गेलेली वस्तू आणि त्याच राज्याच्या राजधानीत आलेली वस्तू यांच्यात फरक आहे. पण भेलशाच्या माणसाला लश्करही दूरचंच होतं, आणि दरबारानं नेलं तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "मग आपल्याकडे उरणार काय?" हा प्रश्न प्रामाणिक होता. माझं उत्तर असं की सगळं पाठवा असं मी म्हणतच नाही. यक्षाला पवायात आज छप्पर नाही, तेव्हा तो इथंच राहू दे, पण पवायाच्या शाळेतली मुलं त्याला वर्षातून एकदा तरी भेटून जावीत, यासाठी गाडीची सोय आपण करू शकतो. विदिशात मात्र संग्रहालय आहे, पहारा आहे, शेजारी मूळ खांब उभा आहे. ती दोन शीर्षं तिथं जावीत, निदान दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर जावीत, असं मला वाटतं. निर्णय सरकारचा, पण मागणी ग्वाल्हेरातून गेली तर तिला वजन येईल. दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपणही काही सोडायला तयार आहोत, हे त्यातून दिसेल.

तेव्हा माझा परिच्छेद असा आहे. बोस्टनला पत्र जरूर जावं, पण 'लुटून' हा शब्द काढून. त्यात आधी विचारावं की १९२६ ची खरेदी कुणाकडून झाली आणि त्याच्या मागचे कागद काय आहेत. मूर्ती परत येणार असेल तर ती विदिशाला यावी, असं स्पष्ट लिहावं. त्याच दिवशी दुसरं पत्र आपल्याच राज्याच्या पुरातत्त्व खात्याला जावं, ताडपत्राच्या आणि मकराच्या शीर्षांबद्दल. आणि तिसरं काम मंडळाचं. जिल्ह्यात रस्ता, कालवा, पाइपलाइन, इमारत, जिथं खणणं चालू आहे तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांना भेटून एका पानाची सूचना द्यावी, की मोठ्या विटा, कडी, खापरं दिसली तर काय करायचं. फोटो कसा काढायचा, चेनेज आणि खोली कशी लिहायची, कुणाला कळवायचं. ते पान मी तयार केलं आहे. मार्चच्या आत वाटायला हवं, कारण घाई मार्चमध्येच होते.

ही तीन कामं ठरावात आली तर माझी सही आहे. न आली तरी ते पान मी वाटणारच आहे. पुढच्या रविवारी विदिशा रस्त्याच्या कामावर जातो आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी साताला बाड्यावर भेटा, गाडीत तिघांची जागा आहे. काका, तुम्ही पुढच्या सीटवर बसा.